तूर्तास हेच नाव

मुंबईच्या समुद्रात तोंडात नळी धरून डोकं पाण्याखाली घालण्यात फारसा अर्थ नाही. वर्सोव्यापासून गोराईपर्यंत पाणी जवळजवळ बाराही महिने गढूळ. खाड्यांतून येणारा गाळ, शहराचं सांडपाणी आणि भरती-ओहोटीची खेच यांच्यापुढे स्वतःच्या हाताची बोटं दिसली तरी पुष्कळ. म्हणून अंधेरीचा किंवा बोरिवलीचा हौशी माणूस स्नॉर्केलिंगला मालवण गाठतो, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासची प्रवाळं बघतो, आणि परतीच्या गाडीत फोटो चाळताना एखाद्या कोपऱ्यात बोटाच्या पेराएवढं, भडक रंगाचं, मऊसूत काहीतरी दिसलं की विचारतो, हे काय? कुणी जाणकार सांगतो, सी स्लग. शंख टाकून दिलेली समुद्री गोगलगाय. लगेच पुढचा प्रश्न येतो: ते खरं, पण नक्की कुठली? हाच प्रश्न जुहूच्या खडकांवरही विचारता येतो, कारण हे प्राणी तिथेही आहेत, घरापासून रिक्षाच्या अंतरावर. या 'नक्की कुठली'बद्दल माझं म्हणणं असं आहे की, उत्तरात जे नाव मिळतं तो त्या उत्तराचा सगळ्यात कच्चा भाग असतो. कुठे सापडली, कोणत्या महिन्यात, कशावर बसली होती, काय खात होती, हे सारं नावापेक्षा जास्त टिकतं. आपण नेमकं उलटं करतो. नाव हाती आलं की बाकीचं विसरून जातो.

मुंबईत हे प्राणी बघायचे तर पोहावं लागत नाही, चालावं लागतं. अमावास्या-पौर्णिमेनंतरच्या एक-दोन दिवसांत, ऐन उधाणात, भरतीच्या आणि ओहोटीच्या पातळीत चार मीटरांहून जास्त फरक पडतो. सकाळ-संध्याकाळ सहा-सातच्या सुमाराला पाणी इतकं मागे सरतं की एरवी कधीच न दिसणारे खडक उघडे पडतात. भांगाच्या दिवसांत गेलात तर ओल्या वाळूखेरीज काही हाती लागायचं नाही. जुहूला भेळपुरीच्या गर्दीपासून दूर, वांद्र्याच्या बँडस्टँडला, कार्टर रोडला, मढ-एरंगळच्या बाजूला असे खडकाळ पट्टे आहेत. कोळणी तिथे कालवं फोडायला उतरतात. खडकांच्या खाचांत पाणी साचून डबकी राहतात आणि त्या डबक्यांत स्पंज, समुद्रफुलं, शेवाळ यांच्या आधाराने सी स्लग असतात. पाण्याबाहेर पडलेला सी स्लग पिचलेल्या जांभळासारखा दिसतो. त्यावरून काहीही सांगता येणार नाही. पाण्यात असलेला बघावा आणि त्याच्यावर आपली सावली न पाडता दोन-चार मिनिटं थांबावं. आधी डोक्याकडे दोन आखूड शिंगं वर येतात. म्हणायची शिंगं, काम नाकाचं. पाण्यातला वास टिपण्याचं. भिंगातून पाहिलं तर त्यांच्यावर पातळ चकत्या एकावर एक रचलेल्या दिसतात. मग पाठीच्या मागच्या टोकाला, गुदद्वाराभोवती, कल्ल्यांचा झुपका हळूहळू बाहेर येतो आणि पाण्यात डोलू लागतो. जरा धक्का लागला की सगळा झुपका आत. दुसऱ्या एका मोठ्या गटात असा झुपका नसतो. त्याऐवजी पाठभर बोटांसारख्या बारीक नळ्यांच्या रांगा असतात. एवढं नीट दिसलं, तर प्राणी कोणत्या घराण्यातला हे बहुधा ठरतं. खरी अडचण त्याच्या पुढे आहे.

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात बिबट्यांची ओळख त्यांच्या ठिपक्यांवरून पटवतात. प्रत्येकाच्या अंगावरची ठिपक्यांची मांडणी वेगळी आणि जन्मभर तीच, त्यामुळे आपोआप टिपलेल्या दोन फोटोंतला बिबट्या एकच की वेगवेगळे, हे खात्रीने सांगता येतं. रंग आणि ठिपके म्हणजे ओळख, हा हिशेब आपल्या मनात इतका पक्का बसलेला आहे की आपण तोच सी स्लगला लावतो आणि फसतो. डेन्ड्रोडोरिस फुमाटा ही हिंद-प्रशांत महासागरांत दूरवर पसरलेली जात घ्या. ती करडी असते, तपकिरी असते, नारिंगी असते, जवळजवळ काळीही असते. तिची चुलत बहीण डेन्ड्रोडोरिस नायग्रा हीसुद्धा काळी असते, पण लहानपणी तिचा रंग वेगळाच. या दोघींचा घोळ शंभर वर्षांहून जास्त चालला. १९९७ मध्ये ब्रॉडी, विलन आणि कॉलिन्स यांनी दोघींना नीट वेगळं केलं, तेव्हा कुठे त्या सुटल्या. त्यात रंगापेक्षा उपयोगी पडतो तो कल्ल्यांचा झुपका: केवढा आहे आणि त्याच्या फांद्या किती. फोटो काढणारा माणूस नेमका रंगासाठी थांबतो. झुपका आत गेलेला असला तरी त्याला चालतं, कारण रंग तर छान आलाय! (डेन्ड्रोडोरिसच्या जिभेवर इतर गोगलगायींसारखी दातांची पट्टीही नसते, ती स्पंजावर तोंड लावून त्याला शोषून घेते. म्हणजे शास्त्रज्ञ ज्या दातांवर एरवी भिस्त ठेवतात, तोही पुरावा इथे नाही.)

एकाच जातीचे अनेक रंग ही अर्धी अडचण. उरलेली अर्धी म्हणजे अनेक जातींचा एकच रंग. क्रोमोडोरिड घराण्यातले बरेचसे सी स्लग स्पंज खातात आणि स्पंजातली कडू, विषारी द्रव्यं आपल्या अंगात साठवून ठेवतात. मासा एकदा चावा घेऊन पस्तावला की पुढे तो रंग टाळतो. मग एकाच किनाऱ्यावर राहणाऱ्या, एकमेकींच्या फारशा जवळच्या नसलेल्या जातींनी सारखाच वेश घेतला तर त्यात सगळ्यांचाच फायदा. बिल रुडमन यांनी ऑस्ट्रेलियात अशा रंगगटांचा बारकाईने अभ्यास केला आणि दाखवून दिलं की, कुठल्या किनाऱ्यावर कुठला वेश चालतो हेही ठरलेलं असतं. नळ्यांच्या रांगा असलेल्या दुसऱ्या गटाची तऱ्हा आणखी न्यारी. ते हायड्रॉइड नावाचे डंख मारणारे बारके प्राणी खातात, त्यांचे न फुटलेले डंख पचवत नाहीत, पाठीवरच्या नळ्यांच्या टोकांत साठवतात आणि स्वतःच्या रक्षणासाठी वापरतात. दर पावसाळ्यात जुहूला ब्लू बॉटल वाहून येतात, पर्यटकांना डंख बसतात आणि बातमी होते. त्याच ब्लू बॉटल खाऊन त्यांचे डंख पळवणारा ग्लॉकस नावाचा निळा सी स्लग उघड्या समुद्रात तरंगत असतो. सांगायचा मुद्दा एवढाच की, सी स्लगचा रंग त्याच्या कुळाबद्दल कमी आणि त्याच्या जेवणाबद्दल, शेजाऱ्यांबद्दल आणि शत्रूंबद्दल जास्त सांगतो. म्हणून कशावर बसला होता ही नोंद मी नावाच्या वर मांडतो. स्पंजावर होता की हायड्रॉइडवर, आणि त्या स्पंजाचाही एक स्वतंत्र फोटो, एवढं असलं तर पुढे कोणीही कामाला लागू शकतो. नुसता काळ्या पार्श्वभूमीवरचा देखणा प्राणी असला, तर ते भिंतीवर लावण्यापुरतं.

उपनगराच्या पूर्वेकडच्या वाचकाला वाटेल, हे सगळं पश्चिम रेल्वेवाल्यांचं झालं. मुलुंड-घाटकोपरला खडक कुठे आहेत? खडक नसतील, पण ठाणे खाडीचा चिखल आणि कांदळवन आहे. २०१५ मध्ये तिथे फ्लेमिंगो अभयारण्य जाहीर झालं आणि २०२२ मध्ये ही खाडी पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेली. ऑन्किडिडी नावाच्या कुळातल्या बिनशंखाच्या गोगलगायी कांदळवनांच्या चिखलात राहणाऱ्या म्हणूनच ओळखल्या जातात. याच कुळातली पेरोनिया मुंबईच्या खडकांवर ओहोटीला हमखास भेटते: अंगावर पुटकुळ्या, मातकट हिरवट रंग, खडकाशी इतकी मिळून गेलेली की पाय पडेपर्यंत दिसत नाही. पाठीच्या मागच्या भागावर तिला झाडासारखे फांद्या असलेले कल्ले असतात, आणि त्यामुळे नवखा माणूस तिला बेधडक न्यूडिब्रँक, म्हणजे वर सांगितलेल्या दोन गटांसारखा उघड्या कल्ल्यांचा सी स्लग, ठरवतो. ती न्यूडिब्रँक नाही. तिला फुप्फुस आहे, ती हवेत श्वास घेते, आणि पाणी ओसरल्यावर खडकावरचं शेवाळ चरायला बाहेर पडते, म्हणजे बाकीचे सी स्लग दडून बसतात तेव्हा हिची जेवणाची वेळ. पाठीवरच्या काही पुटकुळ्यांच्या टोकांना चक्क डोळे असतात. दिसायला एकीसारखी आणि नात्याने दुसऱ्यांची, असा हा प्राणी. आणि हे नातं फोटोतल्या आकारावरून उमगत नाही, ओहोटीत ती काय करते हे बघितलं तर उमगतं.

या पेरोनियावर मुंबईत फार चांगलं काम झालेलं आहे, आणि माझ्या म्हणण्याचा भक्कम पुरावा मला तिथेच सापडतो. मुंबई विद्यापीठाने प्राणिशास्त्रावरची प्रबंधमाला सुरू केली, तिचा पहिलाच क्रमांक १९४८ मध्ये याच प्राण्यावर निघाला. लेखक पी. आर. आवटी आणि के. आर. करंदीकर. शरीररचना, गर्भाची वाढ आणि राहणी, अशा तीन अंगांनी त्यांनी तो प्राणी तपासला. त्यांनी वापरलेलं नाव होतं ऑन्किडियम वेरुक्युलेटम. आज ते कोणी वापरत नाही. प्राणी पेरोनियात गेला. बरं, तेवढ्यावरही भागलं नाही. २०२० मध्ये बेनुआ देरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पेरोनियाची नव्याने झडती घेतली, तेव्हा बाहेरून पाहून वेगळ्या न काढता येणाऱ्या अनेक जाती आहेत, आतल्या जननेंद्रियांची रचना आणि डीएनए तपासल्याशिवाय त्या सांगता येत नाहीत, असं त्यांनी दाखवलं. आता विचार करा. आवटी-करंदीकरांनी नुसतं नाव लिहून ठेवलं असतं, तर आज ते कागद रद्दीत गेले असते. त्यांनी प्राणी कुठला, तो काय करतो, त्याची अंडी कशी वाढतात हे लिहिलं, म्हणून नाव दोनदा हललं तरी त्यांचं काम जागचं हललं नाही. मराठी माणसांनी मुंबईच्या खडकावरच्या एका कुरूप गोगलगायीवर विद्यापीठाच्या मालेचा पहिला प्रबंध खर्च केला, याचा मला नुसता आदरच नाही, थोडा हेवाही वाटतो.

मुंबईच्या नावाचा एक सी स्लगसुद्धा आहे. १९४६ मध्ये विंकवर्थ यांनी मुंबईच्या किनाऱ्यावरून एका क्रोमोडोरिडचं वर्णन केलं आणि तिला ग्लोसोडोरिस बॉम्बेयाना हे नाव दिलं. पुढे ती क्रोमोडोरिस झाली. २०१२ मध्ये रिबेका जॉन्सन आणि टेरेन्स गॉस्लिनर यांनी या घराण्याचे डीएनए ताडून पाहिले आणि निष्कर्ष काढला की क्रोमोडोरिस या एका नावाखाली खरं तर निरनिराळे वंश कोंबलेले आहेत. परिणामी ग्रंथालयांतल्या पुस्तकांतली शेकडो नावं एका फटक्यात शिळी झाली आणि आपली मुंबईकरीण गोनिओब्रँकस बॉम्बेयानस म्हणून ओळखली जाऊ लागली. सत्तर वर्षांच्या आत तीन आडनावं. प्राणी तोच, खडक तेच; शहराने मधल्या काळात आपलं नाव बदललं, गोगलगायीने बॉम्बे तेवढं सोडलं नाही. या बदलांना कंटाळून काही जण म्हणतात की शास्त्रज्ञांना दुसरा उद्योग नाही. तसं नाही. नाव म्हणजे नात्याबद्दलचा दावा असतो, आणि नवा पुरावा आला तर दावा बदलणं हेच प्रामाणिकपणाचं. फक्त आपण जिला ओळख म्हणून घट्ट धरून बसतो, ती शास्त्राच्या दृष्टीने 'तूर्तास' या शब्दाखाली लिहिलेली असते, हे ध्यानात ठेवलं म्हणजे झालं.

नोंद आणि नाव यांत कशाला किती वजन द्यावं, याचा एक जुना दाखला दोन ब्रिटिश अधिकाऱ्यांत सापडतो, आणि योगायोगाने दोघांची आडनावं कानाला सारखीच. वॉल्टर एलियट मद्रास इलाख्यातले मुलकी अधिकारी. आंध्रातल्या अमरावतीच्या स्तूपावरच्या ज्या चुनखडीच्या शिल्पांचे तुकडे लंडनला गेले, ते त्यांच्या नावाने ओळखले जात. याच गृहस्थांनी विशाखापट्टणमजवळच्या वॉल्टेअरच्या किनाऱ्यावरून सी स्लग गोळा केले, आणि ते जिवंत असताना त्यांची रंगीत चित्रं काढून घेतली. न्यूकॅसलच्या आल्डर आणि हॅन्कॉक यांनी त्यावरून १८६४ मध्ये लिहिलेला निबंध आजही उघडावा लागतो. दुसरे सर चार्ल्स एलियट. पूर्व आफ्रिकेत कमिशनर, नंतर जपानमध्ये राजदूत, 'हिंदुइझम अँड बुद्धिझम' या १९२१ च्या तीन खंडांचे लेखक, आणि फावल्या वेळात जगातल्या न्यूडिब्रँकांचे एक मोठे जाणकार. १९०५ मध्ये त्यांनी कराची आणि मस्कतजवळच्या समुद्रतळातून खरडून काढलेल्या सी स्लगांवर लिहिलं. विद्वत्तेत ते वॉल्टर एलियटांच्या कितीतरी पुढे. पण त्या काळी अशा माणसाच्या टेबलावर बहुतेक प्राणी यायचे ते स्पिरिटच्या बाटलीतून, आणि स्पिरिटमध्ये सी स्लगचा रंग जातो, अंग आक्रसतं, शिंगं आत ओढली जातात. दात आणि आतले अवयव मोजता येतात. जिवंत प्राणी कसा दिसत होता ते मात्र गेलं ते गेलंच. अशी मेलेल्या, पांढऱ्या पडलेल्या नमुन्यांवर बसवलेली नावं आज पाण्यातल्या रंगीत प्राण्याशी जुळवता जुळत नाहीत. रंगावर विसंबू नये असं मी वर म्हटलं, आणि इथे रंग नसल्याची तक्रार करतो आहे, हे वाचकाच्या नजरेतून सुटणार नाही. दोन्ही खरं आहे. रंग एकटा पुरत नाही, आणि रंगाशिवाय चालतही नाही. मात्र बाटलीच्या आधी कोणीतरी बसून काढलेलं चित्र जिथे होतं, तिथे दीडशे वर्षांनीही बोलता येतं.

आता पहिला आक्षेप. फोनमध्ये फोटो टाकला की अॅप क्षणात नाव सांगतं. मग हा एवढा खटाटोप कशाला? अॅपबद्दल माझी तक्रार नाही. आयनॅचरलिस्टसारख्या व्यासपीठामुळे जगातल्या कुठल्याही जाणकाराला जुहूचा फोटो बघता येतो, ही लहान गोष्ट नव्हे. पण फोटोवरून नाव सुचवणारं यंत्र जे फोटो पाहून शिकलं, त्यांतले फार मोठ्या संख्येने निवळशंख पाण्याच्या किनाऱ्यांवरचे: ऑस्ट्रेलिया, फिलिपिन्स, हवाई. आपल्या गढूळ किनाऱ्यावरची जात त्याने पाहिलेलीच नसेल, तर ते तिच्यासारख्या दिसणाऱ्या तिकडच्या जातीचं नाव देणार. आणि एकसारख्या वेशाचं प्रकरण आपण पाहिलंच आहे. आपल्याकडची यादी अजून किती अपुरी आहे हे बघायचं तर दीपक आपटे यांचा लक्षद्वीपवरचा २००९ चा निबंध बघावा: एकट्या त्या बेटांच्या पाहणीत ४० जाती भारतासाठी नव्याने नोंदल्या गेल्या. जिथे देशाच्या यादीतच इतकी भर पडत असते, तिथे यंत्राने दिलेलं झटपट नाव म्हणजे अंदाज. आयनॅचरलिस्टवर ओळखणाऱ्यांपैकी दोन तृतीयांशाहून जास्त लोकांचं एकमत झालं की नोंद संशोधनायोग्य ठरते, पण यंत्राने सुचवलेल्या नावाला दुसऱ्याने नुसती मान डोलावली तरी एकमत होतंच. म्हणून 'डेन्ड्रोडोरिस, जात अनिश्चित' असं लिहून थांबणाऱ्या माणसाबद्दल मला जास्त विश्वास वाटतो. गंमत म्हणजे अशा माणसाला अडाणी समजलं जातं, आणि ठोकून नाव देणारा तज्ज्ञ ठरतो.

दुसरा आक्षेप अगदी उलट्या बाजूने येतो. पेरोनियासारख्यांत डीएनएखेरीज गत्यंतर नसेल, तर हौशी माणसाने गप्प बसावं. प्रयोगशाळा काय ते बघेल. यात तथ्य आहे, पण अर्धंच. २०२० मध्ये मनीषा भराटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपल्या पश्चिम किनाऱ्यावरून क्रॅटेना वंशाच्या दोन नव्या जाती वर्णन केल्या. त्यातल्या एकीला कच्छच्या आखातातल्या पोशित्र्याचं नाव आहे. तिथे शरीररचना आणि डीएनए दोन्ही एकत्र तपासले, आणि आजची रीत तीच. पण प्रयोगशाळेला तपासायला प्राणी लागतो, आणि पेरा-दोन पेरांचा प्राणी कोणत्या खडकाच्या कोणत्या बाजूला, कोणत्या महिन्यात सापडेल हे प्रयोगशाळेला माहीत नसतं. पुष्कळशा सी स्लगांचं आयुष्य जेमतेम वर्षभराचं, त्यांचं अन्नही हंगामी. एखादी जात दोन महिने सगळीकडे दिसते आणि मग गायब. तिचा माग ठेवायचा तर महिन्यामागून महिने तोच किनारा चालणारी माणसं लागतात. मुंबईत २०१७ पासून प्रदीप पाताडे आणि त्यांच्या साथीदारांनी सुरू केलेलं 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' हेच काम करतं. लोकांना ओहोटीला घेऊन जातात, जे दिसेल ते तारीख आणि ठिकाणासकट नोंदतात. त्यातली बरीच नावं पुढे बदलतील. बदलू देत. जानेवारीत जुहूला, अमुक स्पंजावर, अंड्यांच्या फितीसकट, एवढं बदलणार नाही; आणि अंड्यांच्या फितीची गुंडाळी कशी आहे यावरूनही जातीचा सुगावा लागतो, हे फार थोड्यांना माहीत असतं.

मला सगळ्यात जड वाटणारा आक्षेप मात्र वेगळा आहे. नाव कच्चं असतं असं म्हणत बसलात, तर किनारा वाचवायचा कसा? सरकारी कागदाला नाव लागतं. वर्सोवा-वांद्रे सागरी सेतूचं काम चालू आहे, किनारी रस्ता उत्तरेकडे दहिसरपर्यंत न्यायचा बेत आहे. ज्या प्राण्याला नाव नाही तो कुठल्याच अहवालात नसतो, आणि अहवालात नसलेल्याचं नुकसान होत नाही. हे खरं आहे, कटू असलं तरी. पण याच किनारी रस्त्याच्या दक्षिणेकडच्या टप्प्यात काय झालं ते बघा. २०२० मध्ये वरळी आणि हाजीअलीच्या खडकांवरच्या प्रवाळ वसाहती शास्त्रज्ञांनी उचलून दुसऱ्या जागी नेल्या. त्यांना हे भाग्य लाभलं, कारण त्या वेळच्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत प्रवाळभित्ती बांधणारी प्रवाळं होती, आणि ती जातवार नव्हती. सगळी स्क्लेरॅक्टिनियन प्रवाळं एका ओळीत. नखभर वसाहत नेमकी कोणत्या जातीची यावर कोणाला वाद घालावा लागला नाही. ते प्रवाळ आहे, एवढं निर्विवाद सांगता आलं की पुरे. म्हणजे कायद्यालाही दरवेळी शेवटचं नाव लागत नाही. त्याला लागतं ते डळमळणार नाही असं विधान, मग ते गटापाशी थांबणारं का असेना. चुकीचं ठसठशीत नाव लिहिलेला अहवाल एका तज्ज्ञाच्या साक्षीने कोलमडतो. 'या खडकावर स्पंज, त्यांच्यावर जगणारे झुपकेवाले (डोरिड) सी स्लग, त्यांची अंडी, अमुक महिन्यांत सातत्याने' असं लिहिलेलं कोण खोडून काढणार? त्या प्रवाळांच्या बाजूला असलेल्या सी स्लगांना कोणी उचलून नेलं नाही, ही गोष्ट वेगळी. नेलं असतं तरी त्यांच्या नेमक्या स्पंजाशिवाय ते जगले नसते.

उरते ती एक शंका, आणि तिला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. असं सगळं लिहून, नेमकी ठिकाणं सांगून, आपण त्या चिमुकल्या खडकांवर गर्दी तर बोलावत नाही ना? बोलावतो, काही प्रमाणात. फोटोसाठी प्राणी डबक्यातून काढून तळहातावर घेणारे, रंग खुलावा म्हणून कोरड्या दगडावर ठेवणारे लोक आता प्रत्येक ओहोटीला दिसतात. माझ्या मते नेमकं ठिकाण नोंदीत असावं, जाहिरातीत नसावं, आणि फोटो पाण्यातच काढावा; तो जरा कमी देखणा येईल, पण झुपका उघडा असेल आणि खालचा स्पंजही दिसेल. नमुना मारून बाटलीत घालायचा अधिकार ज्याला तो पुढे तपासायचा आहे आणि ज्याच्याकडे परवानगी आहे त्यालाच. आणि दगड उलटवून बघायची हौस असेल, तर बघून झाल्यावर तो होता तसा, त्याच बाजूने परत ठेवावा. दगडाच्या खालच्या अंगाचे स्पंज उन्हात तासा-दोन तासांत सुकून मरतात, वरच्या अंगाचं शेवाळ खाली दबून कुजतं, आणि पुढच्या उधाणाला येणाऱ्याला त्या दगडापाशी नोंदण्यासारखं काही उरत नाही.